‘ए, प्लीज गेट उघड ना रे’ : दुसरीतल्या मुलाच्या अरेतुरेचं एक प्रकरण

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, इंग्रजी माध्यमात. घर पुण्यात, सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीत. आई बँकेत, वडील सॉफ्टवेअर कंपनीत. आजी-आजोबा अलीकडेच साताऱ्याहून कायमचे राहायला आलेले. आजोबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या पालकांबरोबर मी समुपदेशनाचं काम करते. हे कुटुंब माझ्याकडे आलं ते ‘मुलाला वळण नाही’ अशी तक्रार घेऊन. तक्रार मुळात आजोबांची. आईवडील त्यांना समजवायला आले होते की त्यांच्या बाजूने बोलायला, हे पहिल्या भेटीत मला नीट कळलं नाही, बहुधा त्यांनाही नव्हतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

निमित्त असं घडलं. संध्याकाळी आजोबा नातवाला सायकल चालवायला खाली घेऊन गेले. बाजूचं छोटं फाटक बंद होतं. खुर्चीत पन्नाशीचे वॉचमन बसलेले, लातूरकडचे. मुलगा सायकलवरूनच म्हणाला, “ए, प्लीज गेट उघड ना रे.” आजोबांचा पारा चढला. तिथेच, चार माणसांसमोर त्यांनी नातवाला खाली उतरवलं. “काका म्हण. माफी माग. परत म्हण.” मुलगा गप्प. वॉचमन उठून उभे राहिले आणि म्हणाले, “राहू द्या की साहेब, लेकरू हाय.” मुलगा रडत वर गेला, आणि नंतर दोन दिवस आजोबांशी बोलला नाही.

रात्री घरात वाद झाला. वडिलांचं म्हणणं, “तो प्लीज म्हणाला होता. अजून काय पाहिजे?” आजोबांचं म्हणणं, प्लीज गेलं खड्ड्यात, ‘ए’ आणि ‘रे’ कुठून आलं ते सांगा. आईला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. आजींना कोणी विचारलंच नाही.

वडिलांची बाजू मला आधी हास्यास्पद वाटली, पण तिच्यात तथ्य होतं. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाला शाळेत सौजन्य म्हणून जे शिकवलं जातं ते प्लीज, थँक्यू, सॉरी आणि एक्स्क्यूज मी. त्याने ते इमानदारीने वापरलं होतं. त्याच्या हिशेबात वाक्य सभ्य होतं. मराठीत मात्र विनंतीचा नम्रपणा क्रियापदात असतो: उघड, उघडा, उघडा ना जरा, उघडता का, उघडाल का. या पायऱ्या चढायच्या तर आधी ‘तुम्ही’ यावं लागतं. ‘प्लीज उघड’ हे मराठी कानाला आर्जवी हुकुमासारखं लागतं. ही गोष्ट शाळेत कोणी शिकवणार नव्हतं, आणि घरी आपोआप येईल असं सगळे धरून चालले होते.

पहिल्या भेटीत मी मुलाशी वेगळं बोलले. वॉचमन तुला आवडतात का, असं विचारल्यावर तो खुलला. सायकलच्या चेनमध्ये बोट अडकण्यापासून कसं वाचवायचं ते त्याला सांगतात, पावसात कुत्र्याच्या पिल्लांना पोत्यात ठेवतात, वगैरे. थोडक्यात, तुच्छता अजिबात नव्हती. मग मी त्याला एकामागून एक माणसं सांगितली आणि प्रत्येकाकडे पाणी कसं मागशील ते विचारलं. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त डॉक्टर? “काका, पाणी द्या ना.” स्वयंपाकाच्या काकू? “काकू, पाणी द्या.” भांडी घासायला येणाऱ्या मावशी? “मावशी, पाणी दे.” दूध टाकणारे दादा? “ए, पाणी दे ना.” आजी? “आजी, पाणी दे.” आजोबा? इथे गडबड झाली. “आजोबा, तुम्ही पाणी दे.”

त्या एका खेळात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या आणि त्या घरात एकात एक मिसळून ‘वळण नाही’ या नावाखाली गेल्या होत्या.

एक गोष्ट निव्वळ भाषेची होती. ‘तुम्ही पाणी दे’, ‘आजोबा, तुम्ही जेवलास का’, ‘तुम्ही कुठे चाललास’ ही वाक्यं आज शहरातल्या मराठी मुलांकडून सर्रास ऐकू येतात. मुलाला माहीत असतं की समोरच्याला तुम्ही म्हणायचं. पण मराठीत आदरार्थी बहुवचन सर्वनामापाशी थांबत नाही. ते क्रियापदात जातं, विशेषणात जातं, माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल बोलतानाही पाळावं लागतं. काका आले, काकू आल्या, ते दमलेले दिसतात. दिवसातले सात-आठ तास इंग्रजीत आणि खेळताना हिंदीत घालवणाऱ्या मुलाला एवढा सराव कुठून मिळणार? ‘तुम्ही चाललास’ म्हणणाऱ्या मुलाला उद्धट म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो तर अर्धी वाट चालून आलेला असतो. त्याला रागावलं की तो ‘तुम्ही’ही सोडून देतो आणि इंग्रजीत बोलायला लागतो, कारण तिथे चुकायची भीती नाही. (असं झालेल्या मुलांचे पालक मग ‘आमचा मुलगा आजीशी इंग्रजीतच बोलतो’ म्हणून वेगळी तक्रार घेऊन येतात.)

दुसरी गोष्ट अजिबात भाषेची नव्हती. डॉक्टर आणि स्वयंपाकाच्या काकू यांच्यापाशी मुलाचं व्याकरण बिनचूक होतं. भांडीवाल्या मावशी आणि दूधवाले दादा यांच्यापाशीही ते बिनचूकच होतं, फक्त नियम वेगळा होता. त्याने अंदाजे काही बोललेलं नव्हतं. कुठेतरी ऐकून, तपासून, पक्का केलेला नियम तो वापरत होता.

तो कुठे ऐकला हे शोधायला मी कुटुंबाला एक काम दिलं. मुलाचं बोलणं आठवडाभर विसरा, आणि घरातली मोठी माणसं कोणाशी, आणि मुख्य म्हणजे कोणाबद्दल, कसं बोलतात ते टिपा. आईने हे काम फोनवर चोख केलं. तिची यादी पुढच्या भेटीत तिनेच वाचून दाखवली, आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली आला.

“डॉक्टर येऊन गेले.” “वॉचमन झोपला होता.” “काकू उद्या येणार नाहीयेत, त्यांच्याकडे कार्य आहे.” “मावशी आली नाही अजून, फोन पण उचलत नाही ती.” “गुरुजी नऊला येतील.” “प्लंबर येईल म्हणाला होता, आलाच नाही.” “तो आलाय बघ, पार्सल घे.” शाळेच्या बसवरचे ‘ड्रायव्हरकाका आले’, पण कचरा न्यायला येणारी ‘ती आली’.

स्वयंपाकाच्या काकू आणि भांड्यांच्या मावशी यांच्यातला फरक बघा. दोघी घरकामाला येतात, दोघींना महिन्याला पगार मिळतो, भांडी घासणाऱ्या मावशी वयाने मोठ्या आहेत, पंचावन्नच्या आसपास. तरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला ‘काकू, तुम्ही’ आणि भांडी घासणाऱ्या बाईला ‘मावशी, तू’. पुण्यात हे इतक्या घरांत असंच आहे की कोणाला खटकत नाही. त्यामागे शिजवलेल्या अन्नाचा आणि उष्ट्या भांड्यांचा, म्हणजे शेवटी जातीचा जुना हिशेब आहे, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही. एकेकाळी गावात एकाच नावाच्या दोन माणसांपैकी एकाच्या नावामागे ‘पंत’ किंवा ‘राव’ लागायचं आणि दुसऱ्याच्या नावाला ‘या’ लावून त्याला हाक मारली जायची. नावांची ती रीत शहरात गेली, क्रियापदांत मात्र उरली. सात वर्षांच्या मुलाने ती तिथून बरोबर उचलली.

आणखी एक नोंद आईने शेवटी, जरा संकोचत वाचली. मावशी तिला ‘ताई, तुम्ही’ म्हणतात. ती पस्तिशीची आहे. पंचावन्नच्या बाईने पस्तिशीच्या बाईला ताई म्हणायचं, आणि पस्तिशीच्या बाईने तिला तू.

आजोबांच्या नोंदीही यादीत होत्या. पार्सल आणणाऱ्याला “ए पोरा”, आणि आजींना दिवसातून किती वेळा “अगं ए”. आजी त्यांना ‘अहो’ म्हणतात. आजोबा चिडले. माझी यादी कशाला केली, मी काय शिकाऊ आहे का, असं म्हणाले. मी त्यांची समजूत काढायच्या भानगडीत पडले नाही. वळणाचा आग्रह धरणारे घरात तेच एकटे होते आणि तो आग्रह मला मोडायचा नव्हता.

‘बाबांनाही तू म्हणतो’ ही आजोबांची दुसरी तक्रार मी बाजूला ठेवली. वडिलांना तू म्हणणं गेल्या एक-दोन पिढ्यांत शहरांतल्या घराघरांत रुळलं आहे, आणि कोकणात तर ते कित्येक घरांत जुनंच आहे. आईला आपण तू म्हणतो, विठोबालाही तूच म्हणतो. जिथे दोन्हीकडून माया आहे तिथल्या ‘तू’ची मला काळजी वाटत नाही.

खरा वाद झाला तो वडिलांशी. ते कंपनीच्या कामासाठी काही काळ स्टॉकहोमला राहिले होते. त्यांचं म्हणणं होतं की हे तुम्ही-आपण सगळंच सरंजामी आहे. स्वीडनमध्ये सगळे सगळ्यांना एकेरीतच बोलतात, विद्यार्थी प्राध्यापकांनासुद्धा, आणि कोणाचं काही बिघडत नाही. मुलाला ‘तुम्ही’ शिकवण्याऐवजी सगळ्यांना ‘तू’ म्हणू द्या.

हा मुद्दा मला आवडला, कारण त्याचं उत्तर स्वीडनमध्येच आहे. तिथे हे नेहमीच असं नव्हतं. पूर्वी स्वीडिश माणसं समोरच्याला हुद्द्याने आणि तृतीय पुरुषात बोलत, आपल्याकडे ऑफिसातला शिपाई ‘साहेबांनी चहा घेतला का’ असं साहेबांनाच विचारतो तसं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते झपाट्याने बदललं. १९६७ साली तिथल्या वैद्यक प्रशासनाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी कर्मचाऱ्यांना जाहीरपणे सांगितलं की मी सगळ्यांना ‘दू’, म्हणजे तू, म्हणणार, आणि त्यांनीही मला तेच म्हणावं. हा दुसरा भाग महत्त्वाचा. तिथे खालून वर जाणारा ‘तू’ही मोकळा झाला.

मी वडिलांना विचारलं, “उद्या मावशी तुम्हाला म्हणाल्या, ‘अरे, तुझा डबा घासलाय, घेऊन जा’, तर चालेल?”

ते हसले. मग म्हणाले, “मला चालेल.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “त्या म्हणणारच नाहीत.”

हेच तर आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांतल्या एकेरी आणि आदरार्थी सर्वनामांवर एक निबंध लिहिला होता. भाषाशास्त्राच्या वर्गात तो अजून शिकवला जातो. त्यातला मुख्य विचार साधा आहे: दोन माणसं एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात तेव्हा ते जवळिकीचं किंवा परस्पर अंतराचं माप असतं, आणि एक जण तू व दुसरा तुम्ही म्हणतो तेव्हा ते सत्तेचं माप असतं. मुलाने कोणाला काय म्हणावं हे ठरवताना मला हा एक निकष सगळ्यांत उपयोगी पडतो. ज्याला तू ‘तू’ म्हणतोस, तो तुझ्या बाबांना ‘तू’ म्हणू शकतो का? म्हणू शकत नसेल, तर तुझ्या ‘तू’मध्ये माया किती आणि मालकी किती, हे एकदा बघायला पाहिजे. मुलाला अर्थातच हे असं सांगायचं नसतं. मोठ्यांनी स्वतःला विचारायचं असतं.

मधल्या काळात घरात दोन उपाय करून झाले होते आणि दोन्ही फसले. आईने फ्रिजवर तक्ता लावला: प्रत्येक ‘काका’ला आणि ‘तुम्ही’ला एक चांदणी, दहा चांदण्यांना आइस्क्रीम. मुलगा हुशार. फाटकापाशी उभा राहून “काका काका काका काका” म्हणाला आणि वर येऊन चांदण्या मागितल्या. वॉचमनना वाटलं काहीतरी झालं, ते धावत आले. दुसरा उपाय आजोबांचा: पाहुणे आले की नातवाला पुढे ढकलून “काय म्हणायचं? काय म्हणायचं असतं?” हा प्रकार महाराष्ट्रात घरोघरी चालतो आणि तो मला फार वाईट वाटतो. मुलाला चार लोकांत उघडं पाडून सौजन्य शिकवायचं, हा सौजन्याचा कुठला प्रकार? शिवाय ज्या काकूंना नमस्कार करायचा त्या काकू त्या दिवसापासून मुलाच्या मनात परीक्षा घेणाऱ्या बाई होऊन बसतात. ‘पाया पड’, ‘पापी दे’ हे तर मी सरळ बंद करायला सांगते. नमस्कार लांबून, हात जोडूनही होतो.

त्याऐवजी आजोबांना एकच सांगितलं. फाटकापाशी तुम्हीच म्हणा, “काका, फाटक उघडता का जरा?” मुलाकडे बघू नका, डोळे मोठे करू नका, नंतर वर आल्यावर विचारू नका. मुलगा ‘आजोबा, तुम्ही जेवलास का’ म्हणाला तर ‘चूक’ म्हणू नका, “हो, मी जेवलो. तुझे बाबा जेवले का?” एवढंच. बरोबर रूप त्याच्या कानावर पडू द्या. आणि त्याला किराणा दुकानात पाठवा, तुम्ही दारात उभे राहा. “दादा, पाव किलो शेंगदाणे द्या” हे वाक्य त्याला दहा-वीस वेळा खऱ्या गरजेसाठी म्हणू दे. भाजी, पाव, इस्त्रीचे कपडे, रिक्षा थांबवणं; ‘द्या’, ‘घ्या’, ‘थांबा’, ‘किती झाले’ ही क्रियापदं पाठ करून येत नाहीत, पैसे हातात धरून येतात. एक सावधगिरीची सूचनाही दिली. तिशीतल्या बाईला काकू म्हटलं की काय होतं हे त्याला लवकरच कळेल, तिथे ताई.

आता मावशी. आईला मी म्हटलं, मुलाने त्यांना काय म्हणायचं हे तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. आईने विचारलं. मावशी हसल्या, “काय बी म्हणा, ताई.” हे अपेक्षित होतं, पगार देणाऱ्या बाईने असं विचारल्यावर दुसरं उत्तर कोण देईल? आईने विषय सोडून दिला. काही दिवसांनी भांडी पालथी घालताना मावशींनीच तो काढला. त्यांचं म्हणणं असं होतं की मावशी तर सगळ्या बिल्डिंगीतल्या बायकांना म्हणतात, झाडूवालीला पण, म्हणजे ते काही नाव नव्हे. त्यांच्या नावाला ताई लावून हाक मारली तर बरं. लेकरू तू म्हणतंय त्याचं काही नाही, ते गोडच वाटतं, त्यांचा नातूही तूच म्हणतो. फक्त ‘ए’ नको. आणि मग त्या म्हणाल्या, “तुम्ही फोनवर बोलता ना, ‘आली नाही अजून ही’. मी दारातच असते तवा.”

हे माझ्या कोणत्याच आराखड्यात नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की मुलाने ‘तू’चं ‘तुम्ही’ करायचं, मग प्रश्न सुटला. मावशींना मुलाचा ‘तू’ खटकत नव्हताच. त्यांना खटकत होतं ते मोठ्यांचं, आणि तेही त्यांच्या पाठीमागचं. पाठीमागच्या बोलण्यात माणसाला जो दर्जा मिळतो तोच मुलाच्या तोंडी उतरतो, हे मी पालकांना नेहमी सांगते. पण ज्याच्याबद्दल बोललं जातं तो माणूस ते ऐकत असतो, हे मावशींनी सांगितलं.

या शहरात घरकामगार बायकांनी आपल्या हक्कांसाठी आवाज उठवण्याला मोठा इतिहास आहे. १९८० साली पुण्यात त्यांनी पगारासाठी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कागदावर त्या ‘घरेलू कामगार’ झाल्या. घरात ‘आमची बाई’, ‘आमची कामवाली’ तशीच राहिली. कायद्याने क्रियापद बदलत नाही.

त्या घरात मग ठरलं ते थोडं वेडंवाकडंच होतं. मुलगा मावशींना नावापुढे ताई लावून हाक मारतो आणि तू म्हणतो, आत्याला म्हणतो तसं. आई त्यांना आता तुम्ही म्हणते. पहिल्या आठवड्यात दोघींनाही ते अवघड गेलं, मावशी तर म्हणाल्या की काही चुकलंय का माझं, असं परक्यासारखं बोलताय. फोनवर ‘ताई आल्या नाहीत अजून’ असं बोलायची सवय आईला सगळ्यांत उशिरा लागली. वडील अडखळत ‘तुम्ही’ म्हणतात आणि मध्येच इंग्रजीत शिरून सुटका करून घेतात. आजी पूर्वीपासूनच मावशींशी एकेरीत बोलतात, त्याही आजींना आता ‘अगं आजी’ म्हणतात. दुपारी दोघी मिळून मालिका बघतात. तिथे मी काहीच सुचवलं नाही.

आजोबांनी आपला मार्ग आपणच काढला. फाटकापाशी ‘काका’ म्हणणं त्यांना जमेना. वॉचमन त्यांच्याहून लहान, त्यांना काका कसं म्हणायचं? मग त्यांनी नाव-गाव विचारलं आणि साताऱ्याच्या रीतीने आडनावाला ‘राव’ जोडून हाक मारायला सुरुवात केली. “काय राव, जेवण झालं का?” हे त्यांच्या तोंडी इतकं सहज बसलं की दोन-चार दिवसांत दोघे खुर्च्या जोडून बसायला लागले. अडचण एकच झाली. नातवाने ऐकलं आणि तोही त्याच थाटात आडनाव घेऊन ‘राव’ म्हणायला लागला. सात वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाला ‘काय राव’ म्हणतोय म्हटल्यावर सोसायटीत हशा. यावेळी आजोबा ओरडले नाहीत. “ते माझे राव आहेत, तुझे काका आहेत,” एवढंच म्हणाले, आणि मुलाला ते पटलं. माणूस एकच असला तरी नातं प्रत्येकाचं वेगळं असतं, हे मी कितीही वेळ घेतला असता तरी इतक्या कमी शब्दांत सांगू शकले नसते.

आईच्या मनात एक भीती होती आणि ती रास्त आहे. प्रत्येक अनोळखी माणसाला काका म्हणायला शिकवलं, तर काका म्हणतील तसं तो करेल का? म्हणून ‘नाही’ म्हणण्याचा सरावही त्याच काळात घेतला. “नाही काका, मी लिफ्टमधून तुमच्याबरोबर येणार नाही.” “काकू, मला चॉकलेट नको.” आणि पुन्हा आग्रह झाला तर काका-काकू सोडून सरळ पळ आणि घरी सांग. आदर बोलण्यात ठेवायचा, शरीर आणि पाय आपल्या ताब्यात. मुलांना हा फरक कळतो. मोठेच तो करत नाहीत, ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ असं एकदम दोन्ही गोष्टी बांधून सांगतात.

काही महिन्यांनी शेवटची भेट झाली तेव्हा ‘काका, उघडता का’ बऱ्यापैकी बसलं होतं. घाईत, सायकलच्या शर्यतीत, अजून ‘ए’ निसटतो. ‘तुम्ही चाललास’ जवळजवळ गेलं आहे. ‘आजोबा, तुम्ही किती छान आहेस’ अधूनमधून येतं. सोसायटीतली मुलं त्याला चिडवतात, वॉचमनला काका काय म्हणतोस म्हणून, आणि त्याने एकदा घरी विचारलं की मी एकटाच का म्हणायचं. आईने सांगितलं, ते तुला नावाने हाक मारतात ना, म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. उद्या नाव माहीत नसलेला नवा माणूस आला की ते कोसळेल. आणि तो येणार आहेच, कारण एजन्सी दर काही महिन्यांनी माणसं बदलते.

न सुटलेला वाद पार्सलवाल्यांचा आहे. ते वीस-बावीस वर्षांचे, दारात मिनिटभर थांबणारे, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी अजून ‘तो आलाय’ असेच. वडिलांनी तोडगा काढला की अ‍ॅपवर नाव दिसतं, तर नावाने हाक मारून थँक्यू म्हणावं. आजोबांना हे मान्य नाही. ओळख ना देख, आणि एकदम नाव घ्यायचं, हेच त्यांच्या मते अरेतुरे. मुलगा सध्या दोघांचं ऐकून काहीच म्हणत नाही, पार्सल घेतो आणि दार लावतो. मला आजोबांचं पटतं. तिथे ‘दादा’ पुरतं, “दादा, पाणी हवं का?” एवढं वाक्य त्याला जमू शकतं, आणि पुढच्या महिन्यात उन्हाळा सुरू होतोय.